रेडिओ शेवटी, खांब आधी

(अभियंत्यांच्या एका मासिक बैठकीतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘महानगरपालिकेच्या बिनतारी मेश जाळ्यासाठी रेडिओ उपकरणांची निवड’. हा मथळा संयोजकांचा. मी फोनवर त्यांना सांगितलं होतं की खांबांविषयी बोलतो. ते म्हणाले, सर, खांबांवर ऐकायला कोण येणार? म्हणून तुम्हाला रेडिओच्या नावाने बोलावलंय, आणि मी खांबांविषयीच बोलणार आहे. ज्यांना फसल्यासारखं वाटतंय त्यांच्यासाठी मागे चहा आहे. तो मात्र व्याख्यान संपल्यावरच मिळेल, अशी चोख व्यवस्था केलेली दिसते.

समोर विद्युत विभागातली मंडळी दिसताहेत, संगणक विभागातली आहेत, पहिल्या रांगेत हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले, आहेत. तेव्हा मेश काय असतं ते सांगत बसत नाही. प्रत्येक डबा, म्हणजे एकेक रेडिओ उपकरण, शेजारच्याचं ऐकतो, पुढे ढकलतो, एखादा मेला तर वाहतूक दुसऱ्या वाटेने जाते. विक्रेत्याच्या सादरीकरणात हे फार सुंदर दिसतं. पडद्यावर एक डबा लाल होतो, बाण आपोआप वळतात, आयुक्तसाहेब मान डोलावतात. त्या पडद्यावर झाड नसतं, आणि डब्याला वीज कुठून आली हेही कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच. आपल्याकडच्या निविदेत रेडिओ पहिल्या पानावर असतो. किती वॅट, किती रेंज, किती एमबीपीएस. तो शेवटच्या पानावर हवा. डबा कुठे बसणार, तिथे चोवीस तास वीज आहे का, बाजूला कोणतं झाड आहे आणि बिघडल्यावर तिथे चढणार कोण, या चार गोष्टी ठरल्या की बाजारातल्या पन्नास रेडिओंपैकी दोन-तीनच शर्यतीत उरतात. मग माहितीपत्रकं उघडा. आधी उघडलीत तर माहितीपत्रकच शहर आखायला लागतं.

आता किस्सा. ज्यांनी तो आधी ऐकलाय त्यांनी चेहऱ्यावर दाखवू नये. आपल्याच राज्यातली एक महापालिका, फार मोठी नाही, अगदी लहानही नाही. नाव विचारू नका, सांगणार नाही. शहरभर वायफायची तेव्हा लाट होती. अमेरिकेत फिलाडेल्फियाने २००४ साली अख्खं शहर बिनतारी करायची घोषणा केली आणि मग जगभरच्या नगरपित्यांना आपापलं शहर बिनतारी करावंसं वाटायला लागलं. या महापालिकेनेही सल्लागार नेमला. सल्लागाराने एक अमेरिकन निविदा घेतली, त्यात शहराचं नाव बदललं, डॉलरचे रुपये केले. मैलांचे किलोमीटर करायचे एक-दोन ठिकाणी राहूनच गेले.

त्या निविदेत एक कलम होतं: उपकरण पथदिव्याच्या फोटोसेलच्या सॉकेटमधून वीज घेणारं असावं. आता हे अमेरिकेत अगदी बरोबर आहे. तिथे बहुतेक पथदिव्यांवर, प्रत्येक दिव्याच्या डोक्यावर, वाटीएवढा फोटोसेल असतो. अंधार पडला की तो आपल्यापुरता दिवा लावतो. म्हणजे खांबात वीज दिवसरात्र हजर असते, दिव्याला कधी द्यायची ते फोटोसेल ठरवतो. मेशवाल्यांनी हे हेरलं. फोटोसेल फिरवून काढायचा, मध्ये एक अडॅप्टर बसवायचा, त्यावर फोटोसेल पुन्हा लावायचा. अडॅप्टरमधून डब्याला वीज. इलेक्ट्रिशियन नको, खोदाई नको, पाच-दहा मिनिटांत एक डबा वर. ज्याला हे सुचलं त्याला माझा नमस्कार.

आपल्याकडे काय असतं? विद्युत विभागवाले आत्ताच हसायला लागले. आपल्याकडे रस्त्याच्या कोपऱ्यावर फीडर पिलर, म्हणजे खांबांना वीज वाटणारी पेटी, असते. तिच्यात टायमर, हल्ली बऱ्याच ठिकाणी सीसीएमएस, म्हणजे दिव्यांचं केंद्रीय नियंत्रण. संध्याकाळी तो एक खटका पाडतो आणि अख्खी ओळ उजळते. सकाळी खटका उचलतो, ओळ विझते. दिवा विझतो म्हणजे नुसता दिवा विझत नाही, खांबातली वीजच जाते. दिवसा आपला खांब म्हणजे नुसती लोखंडी नळी.

डबे आले. अडॅप्टर आले. अडॅप्टर बसवायला आपल्या दिव्यावर सॉकेटच नव्हतं, ते सोडा, आपली माणसं हुशार, त्यांनी वायर कापून चिकटपट्टी मारून जोडलं. उद्घाटन संध्याकाळी सातला होतं. माननीयांनी कळ दाबली, सगळ्यांच्या लॅपटॉपवर पान उघडलं, टाळ्या, श्रीफळ, शाल. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अख्खं जाळं झोपलं. संध्याकाळी पुन्हा उठलं. शहराला सूर्यास्त ते सूर्योदय मोफत वायफाय मिळालं. तक्रारी गेल्या, तेव्हा विक्रेत्याच्या मदतकेंद्राने नोंद काय केली, तर ‘अधूनमधून येणारा बिघाड’. अहो, अधूनमधून कसला? पंचांगाप्रमाणे येत होता!

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय कुणाच्या सुपीक डोक्यातून आला ते मला माहीत आहे, पण ते साहेब आता निवृत्त झालेत. त्यांनी टायमरच बंद करायला सांगितला. जाळं चोवीस तास चालू. दिवेही चोवीस तास चालू. चौथ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात भर दुपारी लखलखणाऱ्या दिव्यांचा फोटो, तीन स्तंभ, खाली नागरिकांच्या संतप्त प्रतिक्रिया. टायमर पुन्हा सुरू.

दुसरा उपाय, बॅटरी. रात्री भरायची, दिवसा वापरायची. कागदावर उत्तम. डबा १० वॅट खात असेल तर १३ तासांना १३० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टची साधारण ११ अँपिअर-तास नुसत्या हिशेबात. पण शिसे-आम्लाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर टिकत नाही, म्हणून निदान दुप्पट घ्यायची. पत्र्याच्या पेटीत, मे महिन्याच्या उन्हात, जमिनीपासून हात पोचेल इतक्या उंचीवर. उन्हाने किती मेल्या आणि चोरांनी किती नेल्या याचा हिशेब शेवटपर्यंत लागला नाही. चोरांची बाजू घेऊन सांगतो, मेलेल्या त्यांनी नेल्या नाहीत. त्यांची तपासणी आपल्या स्वीकृती चाचणीपेक्षा कडक होती.

तिसरा उपाय मात्र खरोखर विचार करून काढलेला होता, आणि माझा सगळा विषय त्यातच आहे. फीडर पिलरमधून खांबांना तीन फेज जातात, दिवे आळीपाळीने त्यांच्यावर वाटलेले असतात. एका उपअभियंत्याने सुचवलं, एक फेज टायमरच्या आधीच काढून घ्यायची. ती कायम जिवंत. दिवे उरलेल्या दोन फेजांवर आणि डबे या तिसरीवर. खर्च जवळजवळ नाही. सगळे खूश. मी त्या बैठकीत होतो, मलाही पटलं होतं, खोटं कशाला सांगू.

बैठकीला एक वायरमन काका बोलावलेले होते, मागच्या खुर्चीवर. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ते उठले आणि म्हणाले, “साहेब, आम्ही खांबावर दिवसा चढतो. दिवसा खांब मेलेला असतो या भरवशावर चढतो. तुम्ही त्यात एक जिवंत वायर सोडणार, आणि ती कोणत्या खांबात आहे ते कागदावर राहणार. कागद ऑफिसात. मी खांबावर.” आणि बसले.

खोली गप्प झाली. नियम काय सांगतात, आयसोलेटर, म्हणजे वीज तोडायचा खटका, कुठे हवा, परवाना घेऊनच चढायचं, हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण शेकडो खांबांचं शहर ज्या एका सवयीवर चाललंय ती सवय तुम्ही एका वायफायसाठी मोडणार असाल, तर प्रत्येक खांबावर आयसोलेटर, प्रत्येक खांबावर इशाऱ्याची पाटी आणि प्रत्येक माणसाला प्रशिक्षण हा खर्च रेडिओच्या खर्चात धरा. धरला तेव्हा तो रेडिओपेक्षा जास्त निघाला. तो प्रस्ताव त्या दिवशीच मेला.

मग आम्ही काय केलं? खांब सोडले. महापालिकेच्या मालकीच्या कोणत्या इमारतींत चोवीस तास वीज आहे याची यादी मागवली. पाण्याच्या टाक्या, मनपा शाळा, प्रभाग कार्यालयं, दवाखाने, अग्निशमन केंद्र. टाकीवर उंची आपोआप मिळते, पंपासाठी वीज असतेच, रखवालदार असतो, शिडी असते. आणि ही यादी टेबलावर आल्या क्षणी रेडिओची निवड जवळजवळ संपली. खांबावर बसणारा, चहूकडे फेकणारा, एकमेकांना शंभर-दीडशे मीटरवर पकडणारा डबा बाद. त्याऐवजी टाकी ते टाकी दीड-दोन किलोमीटर, समोरासमोर, एका दिशेला बघणारी ५ गिगाहर्ट्झची डिश आणि खाली लोकांसाठी मोजक्या जागी वायफाय वाटणारे साधे अ‍ॅक्सेस पॉइंट. कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे त्यानंतर विचारलं आणि त्याला फारसा वेळ लागला नाही. जुने डबे? ते डेड स्टॉक रजिस्टरमध्ये सुखाने नांदत आहेत.

इथे जाता जाता हिमाचलातल्या धरमशाळा गावाची आठवण काढलीच पाहिजे. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा इमारतीबाहेर विनापरवाना वापरायला मोकळा झाला २००५च्या जानेवारी अखेरीस. फेब्रुवारीत तिथलं सामुदायिक मेश उभं राहिलंसुद्धा आणि महिनाअखेर आठ परिसर जोडले होते. पुढे तीसच्या वर डबे झाले, दोन हजारांवर संगणक जोडले गेले. उपकरण कोणतं? लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी, घरात वापरायचा निळा-काळा राउटर, पावसापासून वाचवायला पेटीत घातलेला. तो का निवडला, तर त्याच्यातली आज्ञावली बदलता येत होती. ती लिनक्सवर आधारलेली निघाली, परवान्याप्रमाणे कंपनीला २००३ साली मूळ संहिता खुली करावी लागली आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची खुली आज्ञावली जन्माला आली. डोंगराळ भाग, एका उंच टॉवरवरून सगळे दिसत नाहीत, वीज बेभरवशाची. तिथे वाट बदलणारं मेश खरोखर उपयोगी पडलं. आणि तिथे माकडं अँटेनांना लोंबकळतात. अमुक टक्के आर्द्रतेत चालावं असं आपण निविदेत लिहितो. माकडाचं वजन पेलावं असं कुणी लिहीत नाही.

आपल्याकडे माकडांची जागा फ्लेक्स घेतो. हसू नका, मोजमाप केलंय. वाढदिवसाचा फ्लेक्स, वर ठळक अक्षरात ‘आमचे आधारस्तंभ’, आणि तो बांधलेला असतो आपल्या खांबाला. खरा आधारस्तंभ कोण हा प्रश्न मी तिथे सोडून देतो. फ्लेक्सचं कापड कोरडं असेल तर २.४ला फारसं अडवत नाही. पाऊस पडून त्यावर पाण्याचा पापुद्रा चढला की थोडं अडतं. खरी अडचण त्याच्या लोखंडी चौकटीची, आणि त्याहून मोठी अडचण, फ्लेक्स काढायला कोण सांगणार याची. आम्ही एका चौकात अँटेनाच दोन मीटर वर सरकवली. राजकीयदृष्ट्या तोच स्वस्त मार्ग होता.

झाडांचंही तेच. सर्वेक्षण नेहमी मार्च-एप्रिलमध्ये होतं, कारण आर्थिक वर्षाचा निधी संपवायचा असतो. तेव्हा गुलमोहर खराटा झालेला असतो. दोन खांबांमध्ये स्वच्छ दृष्टिरेषा, अहवालात फोटो. जुलैत तोच गुलमोहर भरगच्च आणि ओला. पानातलं पाणी लहरी खातं, ५ गिगाहर्ट्झला २.४पेक्षा जास्त खातं. पावसाच्या थेंबांना या पट्ट्यांत विशेष किंमत नाही हो, पाऊस आला की जाळं बसतं त्याला बहुतेक वेळा ओली झाडी आणि कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी ही दोन कारणं असतात. आणि दृष्टिरेषा म्हणजे दोरी नव्हे. फ्रेनेल क्षेत्र, म्हणजे त्या दोरीभोवतीचा मोकळा लागणारा फुगीर भाग, विसरू नका. एक किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर ५.५ला पावणेचार मीटरच्या आसपास त्रिज्या, २.४ला साडेपाच. दोरीच्या बाजूने झाड नुसतं चाटून गेलं तरी किंमत मोजावी लागते. झाड कापा असं मात्र मी म्हणणार नाही. उद्यान विभागाचे साहेब तिसऱ्या रांगेत बसलेत.

चिठ्ठी आली. बारा मिनिटं. आणि अजून रेडिओ आलेलाच नाही. चला, आता भरभर.

आधी वॅट. निविदेत ‘रेंज किमान १ किलोमीटर’ असं वाचलं की मला हसू येतं. रेंज कुणाची? डब्याची की फोनची? गणित करू. डीबी म्हणजे लहर किती वाढली किंवा क्षीण झाली याचं माप, आणि डीबीएम म्हणजे तिची ताकद. २.४ला मोकळ्या हवेत एक किलोमीटरला १०० डीबी जातात. डबा आपल्या नियमाप्रमाणे अँटेना धरून ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम. समजा २८ डबा देतो, ८ अँटेना. मध्ये झाडाचे १० आणि भिंतीचे १५ धरा. फोनपर्यंत पोचले उणे ८९. फोनला जाळ्याचं नाव दिसतं, एक दांडीही येते. आता फोन उत्तर देणार. फोनमध्ये ३०-४० मिलिवॅट, म्हणजे १५ डीबीएम. त्यात डब्याच्या अँटेनाचे ८ मिळवा, १२५ वजा करा. उणे १०२. डब्याला काही ऐकू येत नाही. दिसतं पण जोडत नाही, ही जगभरातली सगळ्यात जुनी तक्रार, आणि जास्त वॅटचा डबा घेतलात की ती वाढतेच. वॅट फक्त बोलण्याच्या कामाला येतो, अँटेना बोलायलाही आणि ऐकायलाही. म्हणून पैसे अँटेनात आणि ग्रहणक्षमतेत, म्हणजे किती क्षीण लहर ऐकू येते त्यात, घाला. माहितीपत्रकात ग्रहणक्षमता वाचताना ती कोणत्या वेगाला दिली आहे तेही बघा. सगळ्यात हळू वेगाचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि तुम्हाला हवा असतो त्या वेगाचा आकडा पंधरा-वीस डीबीने वाईट असतो.

दुसरं, डब्यात रेडिओ किती? फिलाडेल्फियात अर्थलिंक या इंटरनेट कंपनीने ट्रोपोस कंपनीचे डबे लावले. मधल्या काही डब्यांना शिदोरी, म्हणजे इंटरनेट, पुरवायला मोटोरोलाचे कॅनोपी नावाचे बिनतारी दुवे होते, पण डब्या-डब्यांतली देवाणघेवाण आणि लोकांचे लॅपटॉप दोन्ही एकाच २.४च्या रेडिओवर. एक रेडिओ एका वेळी एकतर ऐकतो किंवा बोलतो. पहिल्या टप्प्याला २० एमबीपीएस मिळत असतील तर दुसऱ्याला १०, तिसऱ्याला साडेसहा, चौथ्याला ५, आणि हेसुद्धा बाकी कुणी वापरत नसताना. वीटबांधणीच्या घरांत लहरी शिरेनात, म्हणून डबे ठरवल्यापेक्षा जवळपास दुप्पट दाट लावावे लागले. २००८च्या मेमध्ये अर्थलिंक बाहेर पडली, आणि २००९ सरता सरता महापालिकेने ते जाळं २० लाख डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. धंद्याची गणितं चुकली हे कारण होतंच, सगळा दोष रेडिओला देणं बरोबर नाही. पण डबे दुप्पट झाले की धंद्याचं गणित चुकणारच.

मिनियापोलिसने वेगळं केलं. बेलएअर कंपनीचे एकापेक्षा जास्त रेडिओ असलेले डबे घेतले आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे महापालिका स्वतः पहिली आणि कायमची गिऱ्हाईक झाली, दरवर्षी ठरलेले पैसे भरणारी. १ ऑगस्ट २००७ला मिसिसिपीवरचा आय-३५डब्ल्यू पूल कोसळला तेव्हा जाळं अर्धवटच उभं होतं, तरी मोबाइलवर ताण आलेला असताना ते सर्वांना मोकळं केलं आणि बचावकार्याच्या कॅमेऱ्यांना वापरलं. तेव्हा कलम असं लिहा: लोकांसाठी एक रेडिओ, डब्या-डब्यांमधला दुसरा, वेगळ्या पट्ट्यात. आणि कुठल्याही डब्यापासून फायबर दोन उड्यांपेक्षा, म्हणजे दोन टप्प्यांपेक्षा, लांब नको. तिसरी उडी लागत असेल तर नवा डबा घेऊ नका, फायबर पुढे आणा.

पट्टे. २.४ मध्ये एकमेकांना न भिडणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आपल्या वस्तीत घरोघरचे राउटर ते आधीच भरून बसलेत. ५ गिगाहर्ट्झ आपल्याकडे इमारतीबाहेर खऱ्या अर्थाने मोकळं झालं २०१८च्या ऑक्टोबरमध्ये, ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ. त्याआधीच्या निविदांमधून कलमं उचलू नका. मोकळं म्हणजे हक्काचं नव्हे. विनापरवाना पट्ट्यात कुणी तुमच्यावर आदळलं तर तक्रार कुठे करायची सोय नाही. ६० गिगाहर्ट्झ परदेशात गच्चीवरून गच्चीवर छान चालतं. तिथे हवेतला प्राणवायूच किलोमीटरला १५ डीबी खातो, त्यामुळे शेजाऱ्याचा त्रास होत नाही; पण आपल्याकडे त्याचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय, माहितीपत्रकात आहे म्हणून घेऊ नका. आणि प्रत्येक उपकरणाला डब्ल्यूपीसीचं, म्हणजे केंद्राच्या बिनतारी विभागाचं, ईटीए हे मंजुरीपत्र आहे का ते मॉडेल क्रमांकासकट तपासा, नुसतं ‘लागू’ लिहिलेलं चालवून घेऊ नका.

८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. हा माझा लाडका पट्टा, आणि त्याला दोन मिनिटंच उरली आहेत. ८६५ ते ८६७ २००५पासून मोकळा होता, २०२१च्या अखेरीस वरचा एक मेगाहर्ट्झ मिळाला. चित्रपट बघायला निरुपयोगी, पण एक किलोमीटरला तोटा ९१ डीबीच, झाडांतून, भिंतींतून सुखाने जातो. पथदिव्यांचं नियंत्रण, पाण्याचे मीटर, नाल्यातल्या पातळीचे संवेदक, वीजमीटर, यांना मिनिटाला चार आकडे पाठवायचे असतात. मेश जिथे खरोखर शोभतं ती ही जागा. इथे खांबाची अडचणही उरत नाही, कारण संवेदक वर्षानुवर्षं बॅटरीवर चालतो, आणि दिव्यातला नियंत्रक दिवा बंद असताना गप्प बसला तरी चालतं. फक्त त्याला वाट म्हणून वापरू नका. दिव्याच्या नियंत्रकातून पाण्याच्या मीटरचे आकडे पुढे पाठवणारी योजना कुणी आणली तर तिला दिवसा काय होणार हे विचारा. पाच जणांना विचारलंत तर चार जण खाली बघतील.

गावांसाठी आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यात टीव्हीच्या रिकाम्या यूएचएफ पट्ट्यावर जे केलं, ‘ग्राम मार्ग’, त्याला २०१७ साली फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. तिथे झाडीच झाडी, म्हणून ४७० मेगाहर्ट्झपासून वरचा पट्टा घेतला. जागा आधी पाहिली, पट्टा नंतर निवडला. त्यावर वेगळं व्याख्यान होईल, बोलावलंत तर.

संयोजक उभे राहिलेत, म्हणजे एकच मिनिट. उरलेलं नुसतं वाचून दाखवतो. वीज नेटवर्क केबलवरून जाणार असेल तर ती ४८ व्होल्टची प्रमाणित आहे की २४ व्होल्टची कंपनीची स्वतःची, ते लिहून घ्या. दोन्ही एका गोदामात ठेवलीत तर कुणीतरी चुकीचं जोडणारच. केबल १०० मीटरच्या आत, बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची. टाकीवर बसवणार असाल तर आकाशातल्या विजेसाठी तडितरोधक आणि अर्थिंग यांना स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र रक्कम. आज्ञावली खुली असेल तर उत्तम. नसेल तर कंपनी बंद पडली, विकली गेली किंवा तिने वार्षिक परवान्याचे पैसे मागितले तर डबा चालू राहील का, हे लेखी घ्या. दर दहा डब्यांमागे एक सुटा, पहिल्या दिवशीच, कारण तिसऱ्या वर्षी ते मॉडेल मिळत नाही. चढणाऱ्या माणसाला निविदापूर्व बैठकीला बोलावा आणि त्याला पुढच्या खुर्चीवर बसवा. आणि स्वीकृती चाचणी ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना, सकाळी अकराला, खांबाखाली उभं राहून नव्हे तर दुसऱ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत, एखाद्या शिपायाच्या तीन वर्षं वापरलेल्या फोनवर घ्या. सुरक्षा ठेव त्यानंतरच परत करा. विक्रेता म्हणेल, ऑगस्ट लांब आहे. म्हणू दे, निविदा मार्चमध्ये काढायला त्याने सांगितलं नव्हतं.

प्रश्न चहा घेताना विचारा.